आतली कडी

खांद्याच्या धक्क्याने दार उघडलं तेव्हा कडी स्क्रूसकट उखडून फरशीवर पडली. आत मुलगी टॉवेल गुंडाळून भिंतीला चिकटून उभी होती. नळ चालूच होता. केसांतला साबण डोळ्यांत उतरत होता, पण डोळे पुसायलाही तिने टॉवेलवरचा हात काढला नाही.

“गाणं का थांबवलंस?” आईला धाप लागली होती.

“मी काय लहान आहे का गाणी म्हणायला?”

“कडी कुठून आणलीस?”

“बाबांच्या कारखान्यातून. मीच बसवली. बाहेर हो ना आई!”

या घरातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. लग्नानंतर तिने नवऱ्याकडून एकेक काढून घेतली होती. नवरा सुतार, ती त्याच्याच कारखान्यात पॉलिशचं काम करायची. त्यामुळे भोकं तिने स्वतः पुट्टी भरून, घासून, अशी रंगवली होती की कडी कुठे होती ते दारालाही आठवू नये. मग न्हाणीघरात कुणी आहे हे कळायचं कसं? तर आत गेलेल्याने गाणं म्हणायचं. नवरा बेसूर ओरडायचा, मुलगी बडबडगीतं म्हणायची. कारागीर हसायचे, “शेठ, जगाला दारं करून देता आणि स्वतःच्या घरी आंघोळीला मैफल!” तोही हसायचा. हल्ली हसत नव्हता.

कपडे घालून मुलगी बाहेर आली ती सरळ बापाकडे गेली.

“मी आत्याकडे राहायला जाते. तिकडे दार लागतं.”

“अगं, आई काळजीपोटी करते.”

“ही काळजी नाही. बाबा, ती दाराबाहेर उभी असली की मला भीती वाटते. कधी आत घुसेल नेम नाही.”

आईच्या हातात उखडलेली कडी होती. ती तिने ओट्यावर ठेवली, परत उचलली, डब्यांच्या मागे सरकवली. रोज सकाळी हात जोडून ती देवाकडे एकच मागायची, दाराकडे डोळे लावून बसायची पाळी माझ्या लेकीवर आणू नकोस. त्यात कधी खंड पडला नव्हता.

मुलगी बॅग भरायला गेली. नवरा ओट्यापाशी आला.

“झोपेचं दाखवायला गेलीस तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुला त्या समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं होतं. गेलीस?”

“तुम्हीच म्हणाला होता ना, झालं गेलं विसरून जा.”

“मला काय ठाऊक, विसरायला जमत नसतं ते?” तो वैतागला. “मी लाकडातला माणूस. फळी वाकली तर सांग, सरळ करतो. हे मला नाही येत.”

*

“दार लावू की उघडं ठेवू?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

“उघडंच असू दे.”

बाहेरून कुणी ना कुणी जात होतं आणि दर वेळी ती गप्प होत होती. तिने झोप येत नाही हे सांगितलं, पित्ताचं सांगितलं, घरातल्या कड्या काढल्या, दार ढकललं म्हणून पोरगी उलटून बोलते ते सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्या नुसत्या ऐकतात याचाच तिला राग येत होता.

“तुम्ही काही बोलतच नाही. मी कामं टाकून आलेय.”

“कड्या काढून टाकायचं मनात कधी आलं?”

ती उठली. बाईंना वाटलं, निघाली. पण तिने दार ओढून घेतलं आणि मुठीवर हात ठेवून, पाठमोरीच बोलायला लागली.

सुट्टीत ती मावशीकडे राहायची. मावशीचे यजमान, त्यांना ती काका म्हणायची, तिला खोलीत नेऊन आतून कडी घालायचे. नको तिथे हात लावायचे. मग त्याच्याही पुढे गेले. तेव्हा ती फ्रॉक घालायची.

“मावशी यायची दाराशी. फटीत तिच्या पायांची सावली दिसायची मला. उभी राहायची. पण दार ढकललं नाही तिने. एकदासुद्धा नाही.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“तेव्हा कुणीतरी दार ढकलायला हवं होतं. ते झालं नाही, यात तुमची काही चूक नव्हती. म्हणून आता प्रत्येक बंद दारापाशी तुम्हीच धावून जाता. वेड नाही हे. पण आज आत ती फ्रॉकातली मुलगी नाही. तुमची लेक आहे.”

“मग उपाय सांगा ना. काहीतरी औषध द्या.”

“झोपेसाठी लागलं तर डॉक्टरांशी बोलू. बाकीचं मात्र असं बोलतच सुटेल. वेळ लागेल, मी खोटं सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात या.”

“आठवडा? अहो, पोर बॅग भरून बसलीय!”

रस्ताभर ती चरफडत होती. एवढं सगळं उघडं केलं, आणि हाती काय आलं, तर पुढचा आठवडा.

*

घरी आल्याआल्या तिने डब्यांमागची कडी काढून नवऱ्यापुढे धरली.

“ही बसवून द्या.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. “जुन्या भोकांत स्क्रू धरायचा नाही.”

“काड्या ठोका, सरस लावा. मला काय सांगता? इतकी वर्षं सुताराच्या घरात काढलीत मी.”

संध्याकाळी मुलगी न्हाणीघरात गेली. बॅग अजून बाहेरच्या दाराशीच होती. आतून कडी लागल्याचा आवाज आईने ओट्यापाशी ऐकला. गाणं नाही. थोड्या वेळाने नळही बंद झाला. ती दारापाशी कधी आली ते तिला कळलं नाही. हात वर गेलेला होता. तिने खाली पाहिलं. फटीत तिच्याच पायांची सावली पडली होती.

“आई?” आतून बारीक आवाज आला. “बाहेर उभी आहेस?”

ती मागे सरली. ओसरीवर पॉलिशला आणलेली खुर्ची होती, तिथवर गेली, खाली बसली, पॉलिशपेपर हातात घेतला.

“नाही गं,” तिथून ती ओरडली.

आणि खुर्चीचा हात घासायला लागली. घासण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं. तरी घासत राहिली, आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात.