मोठा वळसा

पूर्णेच्या डोहात देवमन भोयाचा डोंगा चालला होता. वल्हं त्याच्या बायकोच्या, जमुनाच्या हातात. ती अकोटची, लग्नापर्यंत तिने पाणी पाहिलं ते घागरीतलं. मागे देवमन चार गळांच्या दोऱ्या सांभाळत बसलेला. आखूड दोऱ्या दोन्ही अंगांना बाहेर काढलेल्या बांबूंवर, लांब दोऱ्या मधे. डोंगा चालता असला की चारही दोऱ्या मागे सरळ राहत. थांबला किंवा झटकन वळला, की सगळा गुंता.

"डोंगा फिरवाचा असंन त मोठा वळसा घेत जाय," तो रोज बजावायचा. "अन् थांबू त बिलकूल नको."

त्या दुपारी एका लांब दोरीला काहीतरी दांडगं लागलं. जुनी सुताची असती तर तुटली असती, पण ही अकोल्याहून आणलेली नायलॉनची. आणि या शहाण्याने ती मनगटाला गुंडाळलेली. एका हिसक्यात देवमन पाण्यात गेला. दोरी मनगटावरून निसटली, पण खांदा निखळला. पट्टीचा पोहणारा एका हाताने पाणी मारू लागला.

जमुनाने वल्हं उलटं मारायला उचललं आणि तशीच थबकली. उरलेल्या तीन दोऱ्या त्याच्या आजूबाजूलाच होत्या. थांबलं तर गळ त्याच्या पायांवर बसणार, झटकन वळलं तर दोऱ्या त्यालाच गुंडाळणार. एका हाताचा माणूस त्यातून सुटायचा नाही.

ती त्याच्याकडे पाठ करून पुढे निघाली.

"जमुने, कोठी चालली?"

समोर काठ होता. भीतीने तिला दुसरं काही दिसेना. दोनदा तिने काठाच्याच रोखाने वल्हं मारलं, आणि वळशासाठी त्याची काही गरज नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

मग तिने डोंगा फिरवला. मोठा, रुंद वळसा. मागची हाक बंद झाली होती. ती रडत रडत वल्हं मारत राहिली. डोकं दिसलं, बुडालं, पुन्हा दिसलं. तिने वल्हं पुढे केलं, ते त्याने धरलं.

काठावर पालथा पडून तो बराच वेळ पाणी ओकत होता. मग म्हणाला, "मले वाटलं, तू मले सोडून चालली."

जमुनाने त्याचा निखळलेला हात अलगद मांडीवर घेतला.

"मलेई तसंच वाटलं," ती म्हणाली.