एकही भेग नसलेली सीडई

सासूबाईंचा डावा डोळा सीडईनं घेतला होता. उजवा शिल्लक होता, आणि आज त्या पुन्हा सीडई करायला बसल्या होत्या.

सीडई म्हणजे तांदळाच्या आणि उडदाच्या पिठाच्या गोटीएवढ्या गोळ्या. तेलात कडक तळायच्या आणि कुडुमकुडुम खायच्या. सासूबाईंना ती एका दक्षिणेकडच्या शेजारणीनं शिकवली होती. त्या शेजारणीचे दोन्ही डोळे शाबूत होते. ही गोष्ट सकाळपासून जावयाच्या मनातून जात नव्हती.

"आईला शेगडीजवळ फिरकू देऊ नकोस," बायकोनं निघताना बजावलं होतं. ती बस चालवायची, त्यामुळे तिचं बोलणंही हॉर्नसारखं होतं, एकदाच, पण कानात बसणारं. "त्या डोळ्याला काही झालं तर मग तू आहेस आणि मी आहे."

ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, शेगडी खाली घ्या. माझे गुडघे ओट्याशी उभे राहत नाहीत."

"अहो आई, पण ती म्हणाली होती..."

"ती माझ्या पोटची आहे. मी तिच्या पोटची नाही."

त्यानं शेगडी खाली घेतली. सासूबाई तिच्यापुढे पाट घेऊन बसल्या, नाक जवळजवळ कढईत.

जावई गिलाव्याचं काम करायचा. त्याच्याइतकी गुळगुळीत भिंत अख्ख्या शहरात कोणाच्या हातून होत नसे. भेग स्वप्नात दिसली तरी तो दचकून उठे. घाबरला की त्याच्या हातांना काहीतरी लागायचं, म्हणून गोळ्या वळायचं काम त्यानं मागून घेतलं. तेल तापेपर्यंत तो पाण्याचं बोट फिरवून एकेक गोळी घासत होता, बघत होता, पुन्हा घासत होता. ताट भरलं तेव्हा वाटलं, मोत्यांचं दुकान मांडलंय.

सासूबाईंनी न बघताच मूठभर गोळ्या तेलात सोडल्या. दुसरी मूठ उचलताना त्यांचा अंगठा थांबला. एक गोळी त्यांनी डोळ्याजवळ नेली. उजव्या.

"जावईबापू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हिला भेग कुठंय?"

"शोधून सापडायची नाही," तो अभिमानानं म्हणाला.

"अहो, मग आतली वाफ जाणार कुठून? माझ्या कपाळातून? तेव्हाही मी अशाच सुबक वळल्या होत्या!"

जावयाच्या पोटात गोळा आला. तोही बहुतेक गुळगुळीतच असावा.

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि चाचपत गॅस बंद केला. पण ही बातमी तेलाला कळायला वेळ लागतो. कढईत गोळ्या निमूटपणे तांबूस होत होत्या.

"उठा, आई!"

"गुडघ्यांना विचारा!"

त्यानं त्यांना पाटासकट ओढून पाहिलं. सासूबाई हलल्या नाहीत. कढई हलली. त्यानं पाट सोडून दिला.

फाट!

पहिली गोळी छताला लागली. छत त्यानंच केलं होतं. एरवी त्या खळग्याकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण डोळ्यांचा विषय आज वेगळा होता. तो गॅलरीत धावला आणि सिमेंट कालवायचं घमेलं घेऊन आला. मग दारातच अडला. घमेलं एक आणि झाकायच्या गोष्टी दोन.

"मला नको, कढईला घाला!" सासूबाई पदरातून ओरडल्या.

मग त्याला त्यांचा हात दिसला. पदरावरूनच उजव्या डोळ्यावर त्यांनी तळवा घट्ट दाबून धरला होता आणि तो तळवा कापत होता. ही बाई कशालाच घाबरत नाही, असं त्याला वाटत आलं होतं. तो सरळ आत घुसला, मान फिरवली आणि घमेलं कढईवर पालथं घातलं. मनगटावर तेल उडालं. फाट, फाट, ठण्ण! पत्र्याखाली गारा पडत होत्या.

मग सगळं शांत झालं.

"आई?"

पदर खाली आला. उजवा डोळा जागेवर होता आणि त्याच्याकडेच रोखून बघत होता.

"सगळ्या उडाल्या का?" त्यानं विचारलं.

"तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. म्हणून मी वाकून पाहिलं."

घमेल्याला कोणी हात लावला नाही. सासूबाईंनी कच्च्या गोळ्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "बसा. मोडा आणि परत वळा. घट्ट नाही, घासायचं नाही. वाईट वळा."

त्यानं एक वळून दाखवली.

"अजून वाईट."

इतक्यात खालून बसचा ओळखीचा हॉर्न आला. एकदाच. जावयाचे हात लटलटू लागले आणि हातातली गोळी खडबडीत, वेडीवाकडी, भेगांनी भरलेली झाली.

"हं," सासूबाई म्हणाल्या, "आता जमतंय."

जिन्यावर पावलं वाजली. दोघंही घमेल्याकडे बघत बसले.