दादाची माती

डोंगरातले सगळे माझ्या भावाला दादा म्हणत. पांढऱ्या दाढीचे म्हातारेसुद्धा! मला भारी राग यायचा. सख्खी बहीण मी, आणि हाक मारायला हक्काचा शब्द उरला नाही. आई म्हणायची, "अगं, त्याचे मळके कपडे तरी तुझ्या एकटीच्या वाट्याला येतात ना?"

दादा पाथरवट. समुद्रापलीकडून आलेल्या सरकारनं आमचा डोंगर खाणीसाठी बळकावला, तेव्हा त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि माणसं गोळा केली. साहेबाची फौज त्याच्या मागावर रान धुंडाळत होती, पण त्याचा चेहरा चौकीतल्या कुणीच पाहिला नव्हता.

एका सकाळी शिपाई आम्हा मायलेकींना न्यायला आले. चौकीसमोरच्या फरशीवर एक मयत ठेवलं होतं. गोळीनं चेहऱ्याची पार दशा झालेली. अंगात निळा सदरा, कोपराला लाल ठिगळ. दुभाष्या म्हणाला, "नीट बघा, बाई. हा तुमचाच असेल तर फौज परत जाईल."

मी डावा हात पाहिला. अंगठा धड होता. दादाचा अंगठा लहानपणीच घणाखाली चेचला होता. माझ्या जिवात जीव आला आणि मला चक्क हसू फुटलं.

आईनं फाडकन माझ्या थोबाडीत मारली. "भाऊ गेला आणि दात काढतेस? वेड लागलं का तुला?"

मग तिनं अंगावरची शाल काढून मयतावर घातली, हातांसकट, आणि त्याच्या छातीवर पडून हंबरडा फोडला. मीही रडले. आधी गाल चुरचुरत होता म्हणून, मग आईचं रडणं ऐकवेना म्हणून. साहेबानं टोपी काढली. फौज गेली.

दादाच्या नावानंच आम्ही त्याला माती दिली. घरी आल्यावर मी म्हटलं, "काय नाटक केलंस गं!"

"नाटक?" आई म्हणाली. "कुणाचं तरी पोर होतं ते."

मी जीभ चावली. दादा डोंगरापलीकडे दुसऱ्या नावानं लढत राहिला. घरी मात्र तो आता कधीच येणार नव्हता.

पुढल्या उन्हाळ्यात एक बाई दारात आली. तिचा मुलगा दादाच्या माणसांत होता, त्याला शोधत ती गावोगाव फिरत होती. "निळा सदरा होता," ती म्हणाली. "लाल ठिगळ मीच लावलं होतं. दुसरा कपडा नव्हता घरात."

मी आईला डोळ्यांनी खुणावलं. या बाईनं चौकीत जाऊन लेकाची माती मागितली, तर दादाचा शोध पुन्हा सुरू होणार. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईचा हात धरून ती तिला मातीपाशी घेऊन गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

बाई बराच वेळ तिथल्या दगडावर हात ठेवून बसली.

"रडलं का कुणी त्याच्यासाठी?"

"मी रडले. पोटच्या पोरासाठी रडतात तशी."

तिला वाटेला लावायला मी निघाले. चौकीवर शिपायानं अडवलं. "ए, कोण तू? कुठं गेली होतीस?"



बाईनं डोळे पुसले. "दादाच्या मातीवर," ती म्हणाली. "मावशी मी त्याची."