पत्रपेटीवर नसलेलं नाव

मी एक जुना मतदारसंघ आहे, मित्रांनो. हसू नका! छत्रीला आणि खुर्चीला आत्मवृत्त असतं, मग मलाच का नसावं? जर्मनीत नेकार नदीच्या काठी, द्राक्षांच्या मळ्यांतून आणि गाड्यांच्या कारखान्याला वळसा घालून नकाशावर एक रेघ काढली आहे. तिच्या आतला सगळा मी. राज्याच्या विधानसभेत माझा एक माणूस बसतो. तेवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

माझा पहिला आमदार द्राक्षबागायतदार होता. तो गावोगाव पायी फिरायचा आणि चिखलाचे बूट घेऊनच विधानसभेत जायचा. लोक त्याच्याशी कडाकडा भांडायचे आणि मतदानाच्या रविवारी रांग लावायचे. त्याच्यानंतर आलेले वकीलसाहेब फीत कापायची असली तरच दिसायचे. लोकांनी आधी भांडणं सोडलं, मग हळूहळू येणंही सोडलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. माणसं आली नाहीत तर माझी नुसती रेघ उरते, आणि रेघ काय, कुणीही पुसावी.

२०१६च्या मार्चमधल्या त्या रविवारी माझा सगळा जीव एका घरात अडकला होता. जयंत खासनीस कारखान्यात इंजिनिअर. त्याची बायको ऊर्मिला चार महिन्यांपूर्वीच जर्मन नागरिक झाली होती. त्यासाठी तिला भारताचा पासपोर्ट सोडावा लागला. त्या दिवशी ती खूप रडली आणि डोळे पुसून म्हणाली, "आता निदान मत तरी देता येईल." तिचं इथलं हे पहिलंच मत. पण मतदानाआधी पोस्टाने येणारी चिठ्ठी घरी आलीच नव्हती.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. पासपोर्टवर, आणि म्हणून इथल्या सगळ्या कागदांवर, ती माहेरच्या नावाने ऊर्मिला भागवत. जानेवारीत घर बदललं तेव्हा पत्रपेटीवर एकच पाटी लागली, खासनीस. "दोन नावं कशाला? महाराष्ट्र मंडळात सगळे आपल्याला खासनीसच म्हणतात," जयंत म्हणाला होता, आणि तिनेही मान डोलावली होती. इथे पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे राहत नाही. पोस्टमनने भागवतबाईंची चिठ्ठी निमूटपणे परत पाठवली.

"चिठ्ठीशिवाय कसं सोडतील?" जयंत म्हणाला. "व्हिसाच्या ऑफिसात आठवतंय ना? एक कागद कमी, की नवीन टेर्मीन, पुढच्या तारखेला पुन्हा हेलपाटा."

ऊर्मिलाला आठवत होतं. नऊ वर्षं त्या दारात ती सगळे कागद पुन्हा पुन्हा मोजून मगच आत जायची.

अगं बाई, चिठ्ठी नसली तरी चालतं! यादीत नाव आहे तुझं, नुसतं ओळखपत्र घेऊन जा! मी जीव तोडून सांगत होतो, पण मला तोंड कुठे आहे? चार वाजले, पाच वाजले. सहाला मतदान बंद होणार होतं. ऊर्मिला घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

पावणेसहाला तिने कोट चढवला. "नाही म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हणू देत," ती म्हणाली आणि निघाली.

शाळेच्या वर्गात यादी घेऊन फ्राउ हेबर्ले बसल्या होत्या. चिठ्ठी मिळाली नाही, हे ऊर्मिलाने चाचरत सांगितलं आणि सवयीने नाव सांगितलं, "खासनीस."

बाईंनी 'के'ची पानं दोनदा पाहिली. नाव नव्हतं. ऊर्मिला मागे वळली. संपलं, असं मला वाटलं. दारापाशी तिचा हात पर्समधल्या ओळखपत्राला लागला. ती थबकली, परत आली आणि ते टेबलावर ठेवून मोठ्याने म्हणाली, "भागवत. मी भागवत आहे."

"आल्झो, म्हणजे भागवत! 'बी'मध्ये बघायला हवं होतं," बाई हसल्या. "आहात की तुम्ही!"

तिने फुली कुठे मारली ते मी मेलो तरी सांगणार नाही. एवढं सांगतो, की घरी परतल्यावर जिना चढण्याआधी तिने पत्रपेटीवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, भागवत.

मित्रांनो, आज ना उद्या तुम्हीही मोठे व्हाल. मला हारतुरे नकोत, भाषणं नकोत. तुमचं नाव मात्र जपा आणि त्या रविवारी एकदा येऊन मला ते सांगा. मला हाक मारता येत नाही. मी फक्त यादी उघडून सहापर्यंत वाट बघू शकतो.