तळं कोरडं आहे, बाभळी बघ

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या मागे पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तिथं मी आईबरोबर खडी फोडली आहे. दुपारी सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे. त्या तळ्यानं मात्र आमच्या कष्टांची कधी फारशी कदर केली नाही. गुढीपाडवा झाला की ते खडखडीत!

हे सगळं आठवलं ते माझ्या नातीमुळे. कृपा विमान चालवायला शिकते. रविवारी आली तीच तोंड पाडून. पहिल्यांदा एकटी उडाली होती. इथं आमच्या मिरजगाववरून वळून शिर्डीच्या दिशेनं निघायचं, तर ही भलत्याच गावावरून वळली. सरांनी बजावलं होतं, "गुरुवारी पुन्हा जा. परत चुकलीस तर एकटीनं उडणं बंद."

"अगं, पण टॅबवर नकाशा असतो ना?" मी विचारलं.

"उन्हानं तापून बंद पडला, आजी. म्हणून तर कागदाचाही ठेवायचा." तिनं तो पलंगावर पसरला. "हे बघ, गावाशेजारी निळं तळं. मला पाणी दिसलं, मी वळले."

मी चष्मा लावला. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, हात आपोआप लाल पेनाकडे गेला. "हे आमचंच तळं. वैशाखात त्यात पाणी? तुला दिसलं ते दुसरं कुठलं तरी."

"मग नकाशात निळं का?"

"काढणारा पावसाळ्यात आला असेल! तू पाणी शोधूच नकोस. पूर्वेला सीना आहे. ती आटली तरी काठच्या बाभळी हिरव्या राहतात. एवढ्या उजाड माळावर तेवढीच हिरवी रेघ. ती लागली तर समज, गाव मागे पश्चिमेला राहिलं."

कृपानं पेन्सिलीनं बाभळी काढल्या. तेवढ्यात शेजारची राहीबाई आली. सगळं ऐकून म्हणाली, "एवढं कशाला? मी गच्चीवर लाल मिरच्या घालते. त्या दिसल्या की वळ."

"मावशी, नकाशावर नाही ती खूण धरायची नाही, असं सर सांगतात."

"का गं? माझ्या मिरच्या काय खोट्या हायेत?"

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर. राहीबाईनं मिरच्या पसरल्याच होत्या. नऊ वीसला विमान आमच्या डोक्यावर यायचं होतं. नऊ वीस झाले, पंचवीस झाले. पश्चिमेचा वारा पदर ओढत होता आणि माझे डोळे घड्याळावरून हलत नव्हते.

"ती बघ!" राहीबाई ओरडली. लांब पूर्वेला, नदीच्याही पलीकडे एक ठिपका होता. "चुकली की गं पोरगी!"

ठिपका तसाच पुढे चालला होता. मग तो कलला, वळला, नदीच्या काठाकाठानं मागे आला आणि थेट गावाकडे निघाला. डोक्यावरून घरघरत गेला आणि शिर्डीच्या दिशेला वळला. राहीबाईनं पदर हलवला.

संध्याकाळी फोन आला. "आजी, पास! वाऱ्यानं बाजूला ढकललं, टॅब पुन्हा बंद. खाली तुझी हिरवी रेघ दिसली आणि कळलं, पुढे आलेय."

"आणि तळं?"

"दिसलं ना! आत पोरं क्रिकेट खेळत होती. सरांनी विमानाच्या शाळेतल्या नकाशावर त्याच्याशेजारी लिहायला लावलं, उन्हाळ्यात कोरडं."

बावन्न-त्रेपन्न वर्षांनी का होईना, कुणीतरी लिहून ठेवलं.

राहीबाईनं माझ्या हातातला फोन ओढलाच. "माझ्या मिरच्या दिसल्या का न्हाई?"

"दिसल्या, मावशी. चार गावांत, दीडशे गच्च्यांवर."

राहीबाईनं फोन मला परत दिला. "दीडशेत सगळ्यात लाल कुठल्या हुत्या, तेवढं विचार."