रागाचं पथ्य

तीन वर्षं एउदेलियाला शौचातून रक्त पडत होतं आणि तीन वर्षं अख्खं घर तिला एकच सांगत होतं: रागावू नकोस!

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या त्या गल्लीत रक्ताच्या जुलाबाची कारणं दोनच. एक अमिबा, दुसरं पित्त. अमिबाच्या गोळ्या नऊ वेळा खाऊन झाल्या, रक्त काही थांबेना. मग तिच्या सासूने, ओब्दुलियाने, निकाल दिला, "रागाने पित्त खवळलंय हिचं. राग गीळ आणि हा काढा पी."

झालं! हिने राग गिळला. टोर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानातून दिवसाला पंधरा वेळा शौचाला पळायची, गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची, गिळलं. नवऱ्याने, फिदेन्सियोने, तिच्या आईचा दगडी पाटा-वरवंटा न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकला. तेही गिळलं मेलीने.

शेवटी दुकानातच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे इस्पितळात दुर्बीण घालून आतडं पाहिलं.

"अमिबा नाही, पित्तही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. हा आजार रागावल्याने होत नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी. सोडल्यात आणि बळावलं, तर आतडं काढायची पाळी येऊ शकते."

दोन महिन्यांत रक्त थांबलं. आणि एका सकाळी बघते तर गोळ्यांचा डबा रिकामा.

"शेजारच्या चाबेलाला दिल्या," सासू भाजीच्या निवडुंगाचे काटे काढत म्हणाली. "तिला अमिबा झालाय. तू तर आता ठणठणीत आहेस."

"माझं आतडं कापतील, आई! कुणाला विचारून दिल्यात?"

"अगं, रागावू नकोस, पुन्हा रक्त पडेल!"

"तीन वर्षं नाही रागावले! तेव्हा काय गुलाबपाणी पडत होतं?" एउदेलियाने काढ्याचं भांडं उचललं आणि मोरीत पालथं केलं. "उठा. आधी चाबेलाकडून गोळ्या आणायच्या. तिथून नणंदेकडे, माझा पाटा-वरवंटा घ्यायला. फिदेन्सियो, तू चल उचलायला."

"आता पाट्याचं काय मध्येच?" तो पुटपुटला. "त्याला तीन वर्षं झाली."

"रागही तेव्हाचाच आहे," ती चपला घालत म्हणाली. "पथ्य आज सुटलं."