मामंजींच्या आवाजाची डिस्क

कीर्तीच्या घरची हार्ड डिस्क पुन्हा गेली, आणि ही बातमी ती कॉलेजात पोचायच्या आधीच तिथे जाऊन बसली होती. पोचवणारा तिचा नवराच. अनंतकृष्णचं औषधांचं दुकान कॉलेजच्या वाटेवर, आणि बायकोची फजिती सांगितल्याशिवाय त्याच्या हातून गिऱ्हाइकाला गोळ्यांची पट्टी सुटत नसे. "कुंभकोणमच्या अर्ध्या मुलींना कॉम्प्युटर शिकवते," तो म्हणे, "आणि घरात एक डिस्क धड राहत नाही." मुली हसल्या, कीर्तीही हसली, पण वर्गात फळ्याकडे वळल्यावर तिचे डोळे भरून आले.

कारण ही साधीसुधी डिस्क नव्हती. तिचे सासरे पांडुरंगराव, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले, मोठे भजनकार. जवळच्या मरुदानल्लूर गावी ते गायला उभे राहिले की मराठीचा गंध नसलेली तमिळ माणसंसुद्धा त्यांच्यामागून मराठी पदं म्हणत. ते गेले आणि मागे उरली कॅसेटांची एक पेटी. कावेरीकाठची दमट हवा त्या फितींना लागलेली. बुरशी पुसून एकदा वाजवावी, दुसऱ्यांदा वाजेलच याची हमी नाही. कीर्ती सुट्टीच्या दिवशी एकेक कॅसेट वाजवून डिस्कवर उतरवायची आणि डिस्क मान टाकायची. पुन्हा नवी डिस्क, पुन्हा तेच रडगाणं.

त्यातलं एक पद तर दुसरीकडे कुठेच नव्हतं. विठोबाला जागं करायचं ते पद पांडुरंगरावांच्या आजोबांनी जुळवलेलं. भजनात ते कधी म्हणत नसत, फक्त घरात, पहाटे. कीर्तीने ते उतरवलं आणि शेवटची ओळ संपते न संपते तोच फीत यंत्रात गुंतून तिचे तुकडे झाले. तिने शहाणपणाने त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर प्रत केली. इंटरनेटवर चढवायचं तेवढं सुट्टीत करू म्हणून राहिलं. दुसरी डिस्क आधीच गेली होती, आणि आज पहिलीनेही प्राण सोडला.

सासूबाई मीनाक्षीबाई रोज संध्याकाळी विचारत, "कीर्ती, ह्यांचं पद लावितेस का ग?" आता काय सांगायचं?

तसं कीर्तीने प्रयत्नांत काही कमी ठेवलं नव्हतं. आधी तिने केबल बदलली. मग डॉक बदलला, म्हणजे ज्या डब्यात डिस्क उघडीच उभी खोचतात तो. इडलीचं पीठ वाटायचा रुब्बाचा ग्राइंडर सुरू झाला की दिवे मिणमिणतात म्हणून स्टॅबिलायझर आणला, त्यानेही भागलं नाही म्हणून यूपीएस आणला. उन्हाळ्याला दोष देऊन टेबल माजघरात हलवलं. दुकानदाराने माल खराब दिला म्हणून त्याच्याशी भांडलीसुद्धा. पण त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतलेली अगदी तशीच डिस्क अनंतकृष्णच्या दुकानात होती. धुळीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, पंख्याविना. ती मात्र ठणठणीत.

हेच तिला डाचत होतं. म्हणून कॉलेजातून परतताना तिने दुकानातली डिस्क काढून आणली. अनंतकृष्ण "अग, आजचा हिशेब!" म्हणून ओरडत राहिला. घरी येऊन तिने मेलेल्या डिस्का ओळीने मांडल्या आणि त्यांच्या शेजारी ही जिवंत ठेवली. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिला दिसलं, आणि इतके दिवस कसं दिसलं नाही म्हणून तिने कपाळावर हात मारला.

मेलेल्या प्रत्येक डिस्कवर, अगदी एकाच जागी, चंदनाचा वाळलेला टिळा होता आणि त्यावर कुंकू. दुकानातल्या डिस्कचं कपाळ कोरं होतं.

मीनाक्षीबाईंच्या घरात नवी वस्तू टिळ्यावाचून कामाला लागत नसे. फ्रिज, स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना पहिल्या दिवशी चंदन-कुंकू आणि नंतर दर शुक्रवारी ताजं. डिस्क त्याला अपवाद कशी असेल? तिच्यात तर घरधन्याचा आवाज. शिवाय त्या डिस्कवर एका बारीक भोकाभोवती छान गोल आखलेला होता, जणू कंपनीनेच टिळ्याची जागा नेमून दिली होती. मीनाक्षीबाई तिथेच अनामिका टेकवून ओलं चंदन चांगलं दाबून लावत. कीर्तीने ओल्या फडक्याने टिळा पुसला. गोलाशेजारी इंग्रजीत छापलेलं होतं, हे भोक झाकू नका.

डिस्क चालताना तापते, आतली हवा फुगते, निवली की आखडते. त्या हवेला ये-जा करायला तेवढी एकच वाट. ती वाट दर शुक्रवारी, भक्तिभावाने, लिंपली जात होती.

"आईला यातलं काही सांगू नकोस," अनंतकृष्ण म्हणाला. थट्टा करणारा तो, पण आता त्याचा चेहरा उतरला होता. "नवी डिस्क कपाटात ठेव, किल्ली तुझ्याकडे. तिने स्वतःच्या हाताने अप्पांचा आवाज घालवला हे ऐकून ती जगेल का?"

सोपं होतं ते. पण मग सासूबाई दर शुक्रवारी कुंकवाची वाटी घेऊन येणार, आपण दर शुक्रवारी काहीतरी थाप मारणार, आणि त्या भोळेपणाने मान डोलावणार. कीर्तीला ते सोसवेना. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती डिस्क घेऊन त्यांच्यापुढे बसली आणि सगळं सांगून टाकलं.

मीनाक्षीबाईंनी ते भोक निरखून पाहिलं. त्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे ही श्वास घेती इथून?"

"हो, आत्याबाई."

"अय्यो! म्हणजे ह्यांचं नाक मीच दाबून धरिलं?"

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं? ठाऊक असायला हवं होतं मला. तो टिळा मी रोज बघत होते. मला उलट धीर वाटायचा, की एवढं मनापासून लावलंय तर ही तरी टिकेल."

मीनाक्षीबाई डिस्क तिच्या हाती देऊन उठल्या आणि आत गेल्या. पुढच्या शुक्रवारी त्यांनी कशालाच कुंकू लावलं नाही, मिक्सरलासुद्धा नाही. घर सुतकातल्यासारखं झालं. अनंतकृष्ण आईपुढे जायचं टाळू लागला, आणि कीर्तीला वाटलं, नवऱ्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

डिस्का तिने तोवर चेन्नईला पाठवल्या होत्या, बिघडलेल्या डिस्का उघडून आतलं काढून देणाऱ्या एका ठिकाणी. तिथल्या रविशंकर नावाच्या माणसाचा फोन आला. जुन्या डिस्कांतलं काही हाती लागलं नाही, त्यांच्या आत चंदनाची पूड पसरली होती. शेवटची मात्र थोडक्यात वाचली. "तुम्ही सांगितलेलं गाणं मिळालं, मॅडम," तो म्हणाला. "पण मधला एक तुकडा गेला. तेवढी जागा आम्ही कोरी ठेवलीय. ती कोणालाच भरता यायची नाही."

गाणं आलं त्या दिवशी कीर्तीने आधी त्याच्या चार ठिकाणी प्रती केल्या, इंटरनेटवरही चढवलं, आणि मगच सासूबाईंना हाक मारली. मधल्या तुकड्याचं आधीच सांगून टाकलं. पुन्हा काही लपवायची तिची तयारी नव्हती.

"सरि, बरं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "असेल तेवढं लाव."

पांडुरंगरावांचा आवाज माजघरात आला. थोडा घोगरा, पहाटेचा. मीनाक्षीबाईंनी डोळे मिटून घेतले. अनंतकृष्ण दारातच उभा राहिला. दोन ओळी झाल्या, तिसरी अर्ध्यावर आली आणि आवाज एकदम नाहीसा झाला. पंख्याची घरघर तेवढी उरली. कीर्तीला ती शांतता सहन होईना. पुढे सरकवावं म्हणून तिने हात पुढे केला.

मीनाक्षीबाईंनी डोळे न उघडताच तिचं मनगट धरलं. त्यांचा दुसरा हात मांडीवर होता आणि तो थांबला नव्हता. एक थाप, बोटांनी मोजणी, पुन्हा थाप, हात उलटा. आवाज नव्हता, शब्द नव्हते, नुसता ताल चालू होता. कीर्तीला वाटलं, आता चुकेल, आता चुकेल. हात चालतच राहिला.

आणि पांडुरंगराव परत आले, बरोबर त्या थापेवर. ना आधी, ना मागून.

मीनाक्षीबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "पाहिलंस?" त्या म्हणाल्या. "हे गातच होते ग. आपल्याला मात्र तितकं ऐकू आलं नाही."

कीर्तीचं मनगट त्यांनी पद संपेपर्यंत सोडलं नाही.